कावळा शिवला

हे खरं आहे. थट्टा करायची असेल त्यानं इथंच थांबावं, कारण हे जिच्यावर बेतलंय ती माझी सख्खी अक्का आहे.

गेल्या मार्चची गोष्ट. हुलसूरजवळ, ओढ्याच्या काठी, भर दुपारी.

अक्काचे सासरे किशनराव यांचा दहावा होता. मिलिटरीतले हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियन. समोरच्याला रिंगमध्ये चढायच्या आधीच घाम फुटायचा म्हणे. गावाला त्यांचं भारी कौतुक. पण घरात त्यांचे ठोसे कुणी खाल्ले, ते त्यांच्या बायकोला, चंद्रभागाबाईंना विचारा.

मुलगा धनराज, म्हणजे माझे दाजी, अगदी गरीब गाय. बायकोवर कधी आवाजही चढवला नाही. "माझ्या पोटी असला बायल्या आला," म्हणत म्हणतच म्हातारा गेला.

पिंड ठेवला...

कावळाच येईना.

झाडावर होते. ओरडत होते. खाली एकही उतरला नाही.

अशा वेळी घरच्यांनी मेलेल्याच्या राहिलेल्या इच्छेबद्दल शब्द द्यायचा असतो. दाजींनी हात जोडले. "अप्पा, मायला सांभाळतो."

काही नाही.

"तुमच्या नावानं तालीम बांधतो."

काही नाही.

ऊन डोक्यावर आलं. माणसं कंटाळली. मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, तू त्यांच्यावानी झाला न्हाईस, तेच राहिलं असंल की!"

दाजी वैतागून बोलून गेले, "बरं अप्पा... तुमच्यासारखाच होतो."

झपकन कावळा आला.

सगळे सुटलो म्हणून हसले. चंद्रभागाबाई तेवढ्या लेकाचा दंड धरून ओरडायला लागल्या, "शब्द मागं घे रे! काय केलंस हे, लेकरा!"

पण कावळा शिवून गेला होता.

पुढच्या आठवड्यात अक्काचा फोन. "अप्पांच्या सरावाच्या शेडमधून ठोसे मारल्यावानी आवाज यायलाय रे... ठप्... ठप् ठप्..."

"अगं, ती त्यांची ठोसे मारायची पिशवी हलत असेल वाऱ्यानं."

"पिशवी कुठं हाय? ती तर अप्पांच्या सरणावर ठेवली न्हाई का!"

मी बीदरहून तडक गेलो. रिकाम्या शेडमध्ये उभा राहिलो. माझ्या अगदी जवळ कुणीतरी जोरजोरात श्वास घेत होतं...

कुणीच नव्हतं.

बाहेर दाजी शेंगा सोलत बसले होते. डाव्याच हातानं. उजव्याची मूठ घट्ट मिटलेली.

"उघडा की दाजी."

"उघडंना झालीय. बघ तूच."

मी दोन्ही हातांनी जोर लावला. बोटं हलली नाहीत. मूठ तापलेल्या तव्यासारखी गरम होती.

दाजी रडायला लागले. "तुझ्या अक्काला घिऊन जा. आज सकाळी चहात साखर कमी पडली... हात वर गेल्ता माझा. मी न्हाई उचलला रे. देवाशप्पथ न्हाई!"

अक्काचं सामान भरलं. चंद्रभागाबाई आमच्यासाठी फडक्यात भाकरी बांधत होत्या. म्हटलं, "मावशी, तुम्ही पण चला."

"मी आले तर ह्याचा बाप बी मागं यील. त्येला मीच लागते. पोरीला ने तू."

"माय, जा ना गं," दाजींनी आईचे पाय धरले.

"गप बस. तुला जेवायला कोण घालील?"

अक्का आता माझ्याकडे आहे. गुरुजी झाले, दर्गा झाला. दिलेला शब्द फिरत नाही, एवढंच सगळे सांगतात. दाजी दिवसभर शेतात बसून राहतात, घरी जायला भितात. मी फोन केला की मावशी म्हणतात, "बरी हाय मी. माझा लेक लई गुणाचा हाय."

काल अक्कानं हट्टानं व्हिडिओ कॉल लावला. मावशींनी पदर अर्ध्या तोंडावर ओढून धरला होता...

"आत्या, पदर काढा," अक्का रडत सासूला म्हणाली. "काढा म्हणते ना!"

त्यांनी पदर आणखी घट्ट धरला. मग हळूच म्हणाल्या, "धनराजला काही बोलू नका गं. त्येला काही आठवत न्हाई, म्या पायरीवरून पडले म्हणून सांगितलंय."