त्याच्या नावाची ओळ

‘ही फाइल आधीच कुणीतरी उघडली आहे,’ असं पडद्यावर एडिटर प्रोग्रॅमनं बजावलं, तेव्हा मी वैतागलेच. दूरच्या सर्व्हरवर माझं काम अडलेलं, आणि हा कोण उपटसुंभ? पुन्हा पुन्हा उघडली, तर तळाशी एक ओळ —

“दोन मिनिटं. रागावू नका.”

मी खाली लिहिलं, “रागावले हे कसं कळलं?”

“चारदा उघडून पाहिलीत...”

तो दुसऱ्या शहरातल्या शाखेत होता. सर्व्हर ज्या ओळी वाचतच नाही, अशा शेऱ्यांच्या ओळींत आम्ही सहा महिने बोललो. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही. फोनवर त्याचा आवाज ऐकला की माझी बोबडी वळायची; लिहिताना मात्र मी वाघीण.

मग गावी असलेल्या त्याच्या आईची दृष्टी गेली. त्यानं नोकरी सोडली. माझे बाबा अंथरुणाला खिळलेले, म्हणून मी कामही घरूनच करायची; मी कुठे जाणार?

त्याच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मला साहेबांचा फोन आला, “त्याचा प्रवेश आजच बंद कर.” सर्व्हरवर कुणाला येऊ द्यायचं, त्याची यादी एका फाइलीत असते. तिच्यातली त्याची ओळ मीच पुसली. पण आधीच आत असलेला माणूस आत राहतो. एकदा बाहेर पडला, की परत येता येत नाही. तो बाहेर पडेना.

“पाचची गाडी आहे,” त्यानं लिहिलं. “तू ‘थांब’ म्हण... नाही जात. काकू बघेल आईचं.”

ही काकू आईला जेवायला द्यायचंही विसरते, असं यानंच गेल्या आठवड्यात लिहिलं होतं.

तरी मी लिहिलं — थांब. सेव्ह केल्याशिवाय त्याला दिसणार नव्हतं. मला तो हवा होता, बाकी काहीच नको होतं.

“पोरी, पाणी दे गं,” आतून बाबा म्हणाले.

मी उठले. पेला त्यांच्या ओठांशी धरला. बाबा डोळे मिटून, माझं मनगट घट्ट पकडून पाणी प्यायले. त्याच्या आईला पेला कोण देत असेल?

परत येऊन मी तो शब्द खोडला.

“जा. माझं प्रेम आहे तुझ्यावर. आणि फोन करू नकोस... तुझा आवाज ऐकला, तर मी ‘थांब’ म्हणेन.”

सेव्ह केलं.

खाली उमटलं, “बरं.”

आत कोण कोण आहे, ते मी सर्व्हरला विचारलं. उत्तरात एकच नाव आलं, माझं.