कोचताईंची बॅच

तरणतलावावर सकाळची बॅच बायकांची. त्या दिवशी बाया पाण्यात पाय मारत होत्या आणि दारात एक उंच गृहस्थ खांद्यावर टॉवेल टाकून उभा राहिला. एकच गलका झाला. कोचताईंनी शिट्टी वाजवली.

"अहो, इकडे कुठे?"

"पोहायला..."

"पुरुषांची बॅच संध्याकाळी असते."

"पण वहिनीनं हीच वेळ सांगितली होती..."

पाण्यातून एक बाई खुदकन हसली. दिराची फजिती करायला तिनंच मुद्दाम चुकीची वेळ सांगितली होती. तो कानापर्यंत लाल झाला नि आल्या पावली पळाला. कोचताईंना मात्र दिवसभर मधूनच हसू फुटत राहिलं.

त्याची बेकरी होती. भट्टीसमोर वाकून वाकून कंबर धरली, म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलेलं. संध्याकाळी आला, तो कठड्याला घट्ट चिकटून.

"हात सोडा," कोचताई म्हणाल्या.

"बुडेन."

"पाणी छातीएवढं आहे."

"माझा या कठड्यावर विश्वास आहे. तुमच्यावर अजून बसायचाय."

"मग कठड्याकडूनच शिका," म्हणत ती वळली.

मागून घाईघाईनं आवाज आला, "सोडला... सोडला हात."

हळूहळू तो तरंगायला शिकला. मग येताना कागदात गुंडाळलेला गरम पाव आणू लागला. बॅच संपली की दोघं बाहेरच्या बाकावर बसायची.

"तुमच्या हातांना पावाचा वास येतो," ती म्हणायची.

"आणि तुमच्या केसांना क्लोरीनचा. मला आता तोच आवडायला लागलाय."

ती मान वळवायची. पण गालावरचं हसू काही लपायचं नाही.

घरी मावशीच्या नजरेतून ते सुटलं नाही. "त्याला सांगितलंस?" तिनं विचारलं.

भाचीला जन्मतःच आईकडून एचआयव्हीची लागण झाली होती. आई गेली तेव्हा ती लहान होती. मावशीनं तिला पोटच्या लेकीसारखं वाढवलं. कुणाला कळलं की घरमालकाची नजर बदलायची, मग सामान बांधून दुसरं गाव. तेव्हापासून मावशीचा नियम एकच होता: गोळी चुकवायची नाही आणि तोंड उघडायचं नाही.

पण त्या संध्याकाळी तो बाकावर बराच वेळ कागदाची घडी करत बसला आणि म्हणाला, "माझ्या मनात... म्हणजे, आपण लग्न..."

तिनं त्याला पुढे बोलू दिलं नाही. आधी सगळं सांगून टाकलं. रोजची गोळी, नियमित तपासण्या. विषाणू आता इतका कमी आहे की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसाच राहिला तर नवऱ्यालाही लागण होत नाही, असं डॉक्टर म्हणतात.

त्याचा चेहरा उतरला. "मला थोडा वेळ दे," एवढंच बोलून तो उठला. पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता, आणि तेही निघून जाताना.

दोन दिवसांनी सकाळच्या बॅचला कुणीच आलं नाही. मॅनेजर चष्मा पुसत म्हणाले, "तुम्हीच राजीनामा द्या. उगाच बोभाटा नको."

ती बॅग भरत होती, तेवढ्यात तो धापा टाकत आला.

"माझ्यामुळे झालं हे. मन मोकळं करायला वहिनीशी बोललो, तिनं मैत्रिणीला सांगितलं... मी डॉक्टरांकडे जाऊन आलो. माझं आधी एक प्रेम होतं, बाकावर तुला सांगितलंच होतं. पण तपासणी कधीच केली नव्हती. आज केली. निकाल येईपर्यंत नुसता घाम फुटला होता. वाटलं, आता माझ्या हातचा पाव कोण खाईल? निगेटिव्ह आला. पण तू तर जन्मभर..."

"म्हणून माझी कीव आली?"

"नाही. स्वतःची लाज वाटली."

"तुमच्या लाजेनं माझी बॅच परत येणार नाही," ती म्हणाली आणि चालू लागली.

घरी मावशीनं पेट्या काढल्याच होत्या. "ठेव त्या परत माळ्यावर," ती मावशीला म्हणाली. "या वेळी मी हलणार नाही."

तिनं एकेकीला फोन केला. रविवारी बाया आल्या. पण वरच्या पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसल्या. ती पोहण्याच्या कपड्यांत त्यांच्यासमोर उभी राहिली.

"पाण्यातून, हात धरल्यानं, एकाच नळाचं पाणी प्यायल्यानं हा आजार होत नाही. माझ्या डॉक्टरांना विचारा, मी नंबर देते."

"मग लपवलंत का?" एकीनं विचारलं.

"तुम्ही कुठे बसलात आणि मी कुठे उभी आहे, बघा. म्हणून लपवलं." मग तिनंच विचारलं, "मला माझं माहीत आहे, औषध चालू आहे. तुमच्यापैकी कितीजणींनी स्वतःची तपासणी केलीय?"

तिनं टोपी घातली, सूर मारला आणि लांबच्या टोकाला जाऊन वळली. परत येताना तिला शिडीवर दोन पाय दिसले. वहिनी होती ती, पाण्यात उतरत होती. डोळे रडून सुजलेले.

"कोचताई, माझी जीभ फार सैल आहे," ती म्हणाली. "माझा श्वास कुठे चुकतोय ते दाखवा ना."

तिनं वहिनीचा हात धरला. मग दुसरी उतरली, तिसरी उतरली... दोघी-तिघी उठून निघून गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. पण तलाव गजबजला. मॅनेजरनी पाहिलं, घसा खाकरला आणि राजीनाम्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

फाटकाबाहेर तो उभा होता. आत यायची हिंमत झाली नव्हती.

"मी रागावलेय अजून," ती म्हणाली.

"रागाव, हवं तितकं. मी कुठे जात नाही."

"आज घरी ये. मावशीला भेट." 'ये' म्हटलं आणि तिचं तिलाच हसू आलं.

मावशीनं त्याला समोर बसवून आपादमस्तक न्याहाळलं.

"सगळं माहीत आहे तुला?"

"हो."

"डॉक्टरांशी बोललास?"

"बोललो. पुढच्या वेळी दोघं मिळून जाणार आहोत."

"आणि ही रात्री घोरते, ते?"

"मावशी..." ती ओरडली.

तो गंभीर झाला. "हे नव्हतं माहीत."

"मग विचार कर अजून. पाहिजे तर वेळ घे."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिचे ओले केस, आणि लाजून रागावलेले डोळे...

"नको," तो म्हणाला. "वेळ मागून एकदा चुकलोय मी. घोरू दे."

आणि आयुष्यभर दबक्या आवाजात बोललेली मावशी इतकी खळखळून हसली, की शेजारणीनं खिडकीतून डोकावून विचारलं, काय झालं हो?

"मुलीचं लग्न ठरलं," मावशीनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं.