लाकूड संपेपर्यंत

लाकूड वाचवणं हा माझा धंदा आहे. जुनी दारं, देव्हारे, पालख्या, तसबिरींच्या चौकटी, वाळवीनं खाल्लेलं किंवा बुरशी चढलेलं काहीही घेऊन लोक संगमनेरला माझ्याकडे येतात. मी आधी त्यांना रागावते, मग काम करते. त्यामुळे बेलापूरहून परवेझ शेख यांचा फोन आला आणि ‘मॅडम, आमच्या कांदाचाळीत पॅसिफिक महासागरातल्या एक्केचाळीस वस्तू आहेत, मुखवटे, मूर्ती वगैरे,’ असं ते म्हणाले, तेव्हा मी एवढंच विचारलं, ‘कांदाचाळीत? तुम्हाला दुसरी जागा मिळाली नाही?’

‘घरात नमाज होते, मॅडम. मूर्ती कुठं ठेवणार?’

त्यांचे वडील कमरुद्दीन सर पापुआ न्यू गिनीतल्या न्यू आयर्लंड बेटावर बारा वर्षं शाळेत सुतारकाम शिकवत होते. बायकोला घेऊन गेले आणि एक्याण्णव साली परत आले, ते हा संग्रह घेऊन. गेल्या हिवाळ्यात सर वारले. पुण्यातलं एक संग्रहालय सगळा संग्रह घ्यायला तयार होतं, पण त्याआधी त्यांना प्रत्येक वस्तूची लेखी तपासणी हवी होती: लांबी, रुंदी, वजन, कुठं चीर आहे, कुठं कीड आहे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी माझी पेटी घेऊन बेलापुरात उतरले.

खोटं कशाला बोलू, जागा उत्तम होती. जमिनीपासून दोन फूट उंच, दोन्ही बाजूंनी बांबूच्या पट्ट्या, वारा आरपार. अशा जागी कांदा सडत नाही तसंच लाकूडही सडत नाही. आत रानडुकराचे सुळे लावलेले मुखवटे टांगले होते, होड्यांच्या कोरीव नाळा, म्हणजे पुढची टोकं, होती, शिंपल्यांच्या माळा होत्या, आणि मधोमध एक पोकळ लाकडी ढोल आडवा ठेवला होता. प्रत्येक वस्तूला सरांच्या वळणदार अक्षरातलं कार्ड बांधलेलं होतं. वस्तू कोणी कोरली, कोणत्या विधीसाठी कोरली, सरांना ती कशी मिळाली, सगळं त्यावर होतं. संग्राहक मी पुष्कळ पाहिलेत, पण करणाऱ्याचं नाव लिहून ठेवणारा माणूस विरळाच. सर जिवंत असताना भेटले असते तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

चाळीच्या अगदी शेवटी, सतरंजीवर, सत्तरीच्या एक बाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्या मुबारकबी, सरांच्या पत्नी. आणि त्यांच्या शेजारी उभी होती ती एक्केचाळिसावी वस्तू.

चार फुटांची मुलगी, एका मोठ्या माशाच्या उघड्या तोंडात उभी. अंगाभोवती कोरलेले पक्षी, जाळीसारखं बारीक काम, तांबडा, काळा आणि पांढरा रंग. केसांच्या जागी झाडाचे तंतू. डोळे समुद्री गोगलगायीच्या शंखावरच्या टणक झाकणाचे होते, मध्ये हिरवे.

‘ही मेहरीन,’ मुबारकबी म्हणाल्या. ‘माजी पोरगी. बसा, ताई.’

मी परवेझकडे पाहिलं. ते मान खाली घालून उभे होते.

ती गोष्ट मला त्या दुपारी चहाबरोबर कळली. मेहरीन अकरा वर्षांची असताना मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर होडीतून गेली आणि होडी उलटली. बाकी सगळे पोहून आले. मेहरीन सापडलीच नाही. कबर नाही, काही नाही. होडी आपली होती म्हणून त्या कुटुंबानं मुलगी आपली मानली आणि तिच्या नावानं ही मूर्ती कोरून घेतली. त्यांच्याकडे मेलेल्यासाठी अशी मूर्ती करतात, तिला मलांगन म्हणतात. महिनोन्‌महिने खपून कोरायची, जेवण घालायचं, सगळ्यांनी एकदा डोळे भरून बघायची, आणि मग रानात पावसात टाकून द्यायची. जपायची नाही.

‘कोरनाऱ्याची बायको मला म्हनली हुती,’ मुबारकबी सांगत होत्या. ‘लाकूड संपलं की पोरगी मोकळी हुती, अन् तुमी बी मोकळे हुता. पन ह्यांच्या हातनं टाकवंना. ह्यांनी रातोरात पेटीत भरली. मी बी गप बसले. म्हनलं, कबर न्हाई, निदान हे तरी हाय.’

मला त्यांचं काही चुकलं असं वाटलं नाही. मीही तेच केलं असतं. खरं सांगायचं तर मी रोज तेच करते.

दोन दिवसांत चाळीस वस्तू झाल्या. जवळजवळ प्रत्येकीला भुंगेऱ्यानं थोडं तरी पोखरलं होतं, ते स्वाभाविक होतं. एक्केचाळिसाव्या मूर्तीत मात्र एकही भोक नव्हतं. तिच्या पायाखालच्या फळीवर मिठासारखा पांढरा खार फुटला होता. बेलापूरच्या आसपास पाटपाण्यानं जमिनी खारवट, चोपण झाल्यात, खार सगळीकडेच दिसतो. मी तसं लिहिलं. तो जमिनीपासून दोन फूट उंच असलेल्या फळीवर कसा चढला, हे लिहायचं राहिलं.

कानाजवळचे तंतू पांढरे पडले होते. ऊन लागून रंग उडतो. पण ती बाजू भिंतीकडे होती.

मग वजन. इतकं पोकळ, जाळीदार काम, तेही हलक्या लाकडात. मी मनात नऊ किलो धरले आणि उचलायला गेले. मूर्ती हलली नाही.

‘तिला काट्यावर घ्यायचं तर दोघं लागतात,’ परवेझ म्हणाले. त्यांनी कांद्याच्या गोण्या तोलायचा काटा ओढून आणला. दोघांनी मिळून मूर्ती वर चढवली. बावन्न किलो. काटा बिघडला असणार म्हणून मी स्वतः उभी राहिले. एकसष्ट, म्हणजे माझं नेहमीचं. पुन्हा मूर्ती ठेवली. पुन्हा बावन्न.

मी कार्ड उलटलं. मागच्या बाजूला सरांनी दर वर्षी मेहरीनच्या वाढदिवसाला घेतलेलं वजन लिहिलं होतं. १९९१ ला २९, १९९३ ला ३७, १९९६ ला ४६. लाकूड वाळतं तसं हलकं होतं, हे सुतारकामाच्या मास्तरांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांनी कुठं प्रश्नचिन्हसुद्धा काढलं नव्हतं. पुढं बरीच वर्षं पन्नासच्या आसपास आकडा होता. २००७ ला अचानक ६३. २००८ ला ५४.

‘सात साली काय झालं होतं, चाची?’ मी विचारलं. विचारायला नको होतं.

मुबारकबींच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. ‘अठ्ठाविसावं चालू हुतं तिला,’ त्या म्हणाल्या. ‘मी डिंकाचे लाडू करून ठेवले हुते हितं. शेगडी बी आनली हुती शेकायला. दुसरं काय करनार, ताई? मला दिसत तर काय नव्हतं.’

मी पेटी बंद केली. मला तिथून निघून जायचं होतं, आणि त्या बाईला सोडून जाववतही नव्हतं.

परवेझ मला बाहेर घेऊन गेले. ‘मॅडम, तिलाही पुण्याला पाठवा. अम्मी दिवसभर तिथंच बसते. जेवण तिथं, बोलणं तिथं. माझी मुलगी शिफा आठ वर्षांची झाली, तिच्याशी अम्मी चार वाक्यं बोलली नसेल. मेहरीन गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तेव्हापासून आमच्या घरात मी दुसराच.’ ते रागानं बोलत नव्हते, याचंच जास्त वाईट वाटलं.

आम्ही परत आत गेलो तेव्हा मुबारकबी उभ्या होत्या.

‘पुन्याला तिला काचंच्या पेटीत ठेवतील ना?’ त्यांनी मला विचारलं.

‘हो, चाची.’

‘म्हंजे कुजायचं न्हाई. मरायचं न्हाई. जायचं बी न्हाई. माज्यानंतर हिच्याजवळ कोन बसंल?’ त्या माझ्या अगदी जवळ आल्या. ‘तुमी लाकूड वाचवता. मग त्ये कुजवायला काय लागतं, त्ये बी तुमाला ठाऊक असंल. मला तेवढं सांगा.’

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. माझं उत्तर ‘नाही’ असायला हवं होतं. संग्रहालयात अशी मूर्ती आली असती तर माझं नाव झालं असतं, हाही विचार मनात येऊन गेला, लपवत नाही. पण त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून मी सांगायला लागले. उन्हात नको, तिथं ते वाळेल. सावली हवी. मातीला थेट टेकलं पाहिजे. पाणी सतत झिरपत असलं पाहिजे. शेणकाला घातला तर बुरशी लवकर धरते. एवढ्या जड लाकडाला तीन वर्षं तरी लागतील.

त्या प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होत्या, लग्नाचं सामान ठरवतो तसं.

‘पाटचारीच्या कडंला, उसाखाली,’ त्या परवेझला म्हणाल्या. ‘तिथं वल असती.’

परवेझनी ओढून आणलेला काटा परत भिंतीला लावला. मग म्हणाले, ‘चाळीस न्या, मॅडम. ही अम्मीची.’

ते शेजारच्या शेतातल्या अजिनाथला मूर्ती उचलू लागायला बोलवायला गेले. दोघं परत येईपर्यंत मुबारकबींनी मूर्तीचे तंतू बोटांनी विंचरले, कपाळावरून हात फिरवला आणि काहीतरी पुटपुटल्या. मग वाकल्या.

आणि त्यांनी तिला कडेवर घेतली.

मी पुढं झाले, पण त्यांना मदत नको होती. गुडघ्यांनी अधू असलेली ती बाई चाळीच्या तीन पायऱ्या उतरली, बांधावरून चालत गेली. मी मागून जात होते. वाटेत त्या एकदा थांबल्या आणि तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

उसाच्या सावलीत, चारीच्या ओल्या चिखलात, त्यांनी तिला आडवी निजवली. त्या रडल्या नाहीत. मी रडले.

पाठ फिरवताना मला समुद्राचा वास आला. मी कोकणात शिकलेय, मला तो वास कळतो. मी चालत राहिले.

परवेझचा फोन आला तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. पुण्याच्या टेम्पोनं चाळीस वस्तू नेल्या होत्या. ‘आणि मॅडम, ते चारीकडंचं लाकूड संपलं.’

‘संपलं म्हणजे?’

‘माती झाली. बोटांनी चुरलं तर भुगा. रंगाचा कपचासुद्धा नाही.’

चाळीसच दिवस झाले होते. असं कोणतंही लाकूड कुजत नाही. मी दुसऱ्या दिवशी बेलापूरला गेले.

उसाखाली काळी, भुसभुशीत माती होती. डोळ्यांना बसवलेली गोगलगायीची झाकणंही सापडली नाहीत, आणि ती तर कुजतच नाहीत. मी हातानं चिखल उकरून पाहिला. शेजारच्या सरीत अजिनाथ पाणी वळवत होता. ‘काय हरपलं का, बाई?’ त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं.

घरात मात्र आनंद होता. ओट्यावर मुबारकबी नातीचे केस विंचरत होत्या आणि शिफा त्यांना शाळेतलं काहीतरी हातवारे करून सांगत होती. मुबारकबी हसत होत्या. चेहरा भरला होता. माझं मन एकदम हलकं झालं. सुटली बाई, म्हटलं. चुकूनमाकून का होईना, एक पुण्यकर्म आपल्या हातून झालं.

परवेझ चहा घेऊन आले. मी हळूच म्हटलं, ‘बहिणीचं सोनं झालं म्हणायचं. तुमच्याही जिवाला स्वस्थता आली असेल.’

‘कोणाच्या बहिणीचं, मॅडम?’

त्यांनी कप माझ्यापुढं ठेवला. चेहऱ्यावर नुसतं आदरातिथ्य होतं.

‘मेहरीन,’ मी म्हणाले.

‘तुमचा काहीतरी गोंधळ होतोय,’ ते हसून म्हणाले. ‘मी एकटाच आहे. अम्मीला विचारा.’

मला विचारायचं धाडस होईना. पण मुबारकबींनी ऐकलं होतं. त्या कंगवा ठेवून उठल्या, आत गेल्या आणि एक जुना रंगीत फोटो घेऊन आल्या. समुद्राकाठी उभे तरुण कमरुद्दीन सर, मुबारकबी, त्यांचा पदर धरलेला लहान परवेझ. आणि मुबारकबींना टेकून उभी असलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी, पांढऱ्या फ्रॉकमध्ये. मुबारकबींचा हात तिच्या खांद्यावर होता.

‘बरं झालं आलात, ताई. ह्यांच्या कागदात सापडला. तुमी सगळी कार्डं वाचलीत, म्हनून इचारते. ही आमच्यात कोन उभी हाय?’

तीन तोंडं माझ्याकडे बघत होती. मला नाव माहीत होतं. माझ्या जिभेवर होतं ते. लाकूड संपलं की तुम्हीही मोकळे, हे त्या कोरणाऱ्याच्या बायकोनं सांगितलं होतं, आणि आम्ही कोणी पुढं काही विचारलं नव्हतं.

‘मला ठाऊक नाही, चाची,’ मी म्हणाले.

‘कोनाची का असंना,’ त्या म्हणाल्या आणि फोटो उजेडाकडे धरला. ‘पन आईचा जीव हाय हिच्यावर. बगा की, वेनी किती नीट घातलीय.’