झेलप्रथिन

चिरमाडे गुरुजींच्या रक्ताचा अहवाल डॉ. शलाका हुद्दार यांनी तीनदा वाचला आणि प्रयोगशाळेतल्या डॉ. तडवींसमोर ठेवला.

“नमुना बदलला असेल, तडवी. दोन वर्षांपूर्वी जनुक तपासले तेव्हा गुरुजींचं झेलप्रथिन सबळ आलं होतं. आज रक्तातलं प्रथिन दुबळं कसं? जनुक म्हणजे काय सदरा आहे, बदलायला?”

जळगावच्या त्या केंद्रात २०४९ साली डायलिसिसच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी होई. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतलं लोहयुक्त द्रव्य रक्तात सांडतं; हे प्रथिन ते झेलतं. त्याचा एक जनुक आईकडून येतो, एक वडिलांकडून. दोन्ही दुबळे आले तर झेल सुटतात. निरोगी माणसाचं त्यावाचून फारसं अडत नाही. पण मधुमेह आणि वर डायलिसिस असेल, तर सांडलेलं लोह हृदय कुरतडत राहतं. अशांसाठी कृत्रिम झेलप्रथिन निघालं होतं. ते जेमतेम तयार होई, म्हणून फक्त दुबळ्या प्रकारच्यांना मिळे. गुरुजी मधुमेही होते, पण तपासणीत सबळ ठरल्यामुळे त्यांना ते मिळालं नव्हतं.

“तेव्हा नमुना कुठला घेतला होता?” तडवींनी विचारलं.

“गालाच्या आतला. आपल्याकडे सगळ्यांचा तसाच घेतात. आधीच यांच्या अंगात रक्त कमी, आणखी कशाला काढायचं, असं मीच ठरवलं होतं.”

“गालातल्या पेशी गुरुजींच्याच. पण हे प्रथिन बनतं कुठे?”

“यकृतात,” शलाका म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

आठ वर्षांपूर्वी गुरुजींचं यकृत निकामी झालं, तेव्हा पत्नी प्रमिलाबाईंनी आपल्या यकृताचा तुकडा दिला होता. तो आला, तो प्रमिलाबाईंचे दोन्ही दुबळे जनुक घेऊनच.

“औषध आजच सुरू करू,” तडवी म्हणाले.

“करू. पण हृदयाची ताकद पंचवीस टक्क्यांवर आलीय. गेलेलं कुठून आणू?”

यंत्राला जोडलेल्या गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चाळीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. दोनदा सांगावं लागलं नाही.

“चूक माझी आहे, गुरुजी.”

“हिला काही धोका?”

“नाही. त्यांना साखर नाही.”

“मग झालं. आणि माझे किती दिवस?”

शलाकांनी नळीवरची चिकटपट्टी उगाचच दाबून बसवली.

“राहू द्या,” गुरुजी म्हणाले. “हिला मात्र सांगू नका. आठ वर्षं गावभर मिरवतेय, नवऱ्याला मी जगवलं म्हणून.”

तेवढ्यात प्रमिलाबाई डबा घेऊन आत आल्या. दर खेपेचा प्रश्न त्यांनी आजही विचारला.

“काय डॉक्टरीणबाई, माझा माल नीट चालतोय ना? का परत घेऊन जाऊ?”

गुरुजी छताकडे बघत राहिले.

“उत्तम चालतोय,” शलाका म्हणाल्या.

त्यात खोटं काहीच नव्हतं. यकृत ठणठणीत होतं. प्रमिलाबाईंच्या जनुकांत लिहिलं होतं अगदी तसंच प्रथिन ते रात्रंदिवस, न चुकता बनवत होतं.