पाण्याचे डाग

"ती माझीच आहे, एवढंच मला सांगा," असं म्हणून शिवणकाम करणाऱ्या बाई खुर्चीच्या कडेला बसल्या.

उत्तर ठरवून आलेलं गिऱ्हाईक पक्कडला आवडत नसे. पक्कड म्हणजे आपला खाजगी गुप्तहेर; एकदा धरलं की सोडत नाही म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. शेजारी त्याचा मेहुणा बसला होता. हा दातांचा डॉक्टर. हात हलका, पण डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागायचा. बाईंना इथे त्यानेच धाडलं होतं.

बाईंची एकुलती एक लेक नऊ वर्षांची असताना बाजारात हरवली. बारा वर्षांनी, गेल्या महिन्यात, एक तरुणी दारात उभी राहून "आई" म्हणाली. दीर म्हणत होते, भामटी आहे. बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

खुणा सगळ्या जुळत होत्या. लाडाचं नाव, तुटकी पायरी, बाप गेला ती सकाळ. शिलाई मशीनला लेक 'भुंगा' म्हणायची, हे तर बाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं. पोरीने आल्या आल्या विचारलं, भुंगा कुठाय? विचारताना तिचा हात मशीनवरच होता.

"विसरली असेल," बाई म्हणाल्या. "लहान होती हो."

"हरवली तेव्हा पुढचे दात आले होते?" पक्कडने विचारलं. पोरीचे दात डागाळलेले आहेत, हे मेहुण्याने त्याला आधीच सांगितलं होतं.

"नवेच आलेले. पांढरेशुभ्र. आरशासमोरून हलायची नाही."

पक्कड दिरांना भेटला तेव्हा त्यांनी भरपूर तोंडसुख घेतलं, पुरावा मात्र शून्य. कामाचं एकच बोलले: हरवेपर्यंत पोर गावाबाहेर राहिली नव्हती, आणि इथल्या नळाच्या पाण्याने कोणाचे दात खराब झालेले नाहीत.

मग पक्कड मेहुण्याला घेऊन बाईंच्या घरी पोरीला भेटला. ती हसताना तोंडावर हात धरायची. पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. पळवणाऱ्यांनी दगडाच्या खाणीवर नेलं, तिथल्या बोअरच्या पाण्याने दात असे झाले, असं ती म्हणाली. खाणीवरच्या सगळ्याच पोरांचे तसे होते.

"तिथे मैत्रीण होती कोणी?" पक्कडने विचारलं.

"होती एक. तापाने गेली."

परतताना पक्कडने मेहुण्याला विचारलं, डाग साफ करून पाहिलेस का? पाहिले होते, बाईच तिला दवाखान्यात घेऊन आल्या होत्या. डाग हलले नाहीत, कारण ते दाताच्या आतले होते. पाण्यात फ्लोराइड थोडं असलं तर दात बळकट होतात, फार झालं तर डागाळतात, हे मेहुण्याने शाळामास्तरासारखं समजावलं.

"कोणत्या वयात?"

"लहानपणी, दात हिरडीच्या आत घडत असताना. एकदा पांढरा स्वच्छ बाहेर आला, की मग कितीही तसलं पाणी प्या..." मेहुणा रस्त्यातच थांबला. "अरे देवा."

दुसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीत सगळे जमले. पक्कडने आवाज न चढवता सांगितलं. हरवलेल्या मुलीचे पुढचे दात पांढरे येऊन चुकले होते. ते नंतर आतून डागाळणार नाहीत. म्हणजे ही पोर नवव्या वर्षी खाणीवर गेली नाही, तान्हेपणापासून तिथलंच पाणी प्यायली. भुंगा हा शब्द हिने ऐकला होता, वस्तू पाहिली नव्हती. घरातलं हे सगळं ज्या पोरीला माहीत होतं, तिनेच हिला सांगितलं असणार. पुढचं मात्र त्याच्याच्याने बोलवेना.

पोरगी खाली बघत म्हणाली, "ती रोज सांगायची. मला आई नव्हतीच. तिच्या आईबद्दल ऐकून ऐकून ती माझीच वाटायला लागली."

"तापाने गेली ती... माझीच?" बाईंनी विचारलं.

पोरीने होकारार्थी मान हलवली.

"बघा वहिनी, निघाली ना भामटी," दीर म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"भामटी असती तर फार बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "मग माझी लेक कुठेतरी जिवंत तरी असती."