मागचं वजन

काम तसं सरळ होतं. भावोजींचं जुनं, चार सीटचं विमान विकलं गेलं होतं आणि ते गिऱ्हाइकाच्या धावपट्टीवर नेऊन पोहोचवायचं होतं. दीड तासाचं अंतर, दुपारची वेळ, आकाश जरासं धुरकट, एवढंच. काम त्यांच्या मेहुण्याच्या गळ्यात पडलं. घरात त्याला सगळे मौनी म्हणत. त्याला लायसन्स मिळून आठ महिने झाले होते आणि कुणाला नाही म्हणणं त्याला जमत नसे.

निघताना हँगरमधला म्हातारा मेकॅनिक हात पुसत सहज म्हणाला, "काल तुमचे भावोजी दोन तास शेपटीत डोकं घालून होते. मला म्हणाले, तू जा, चहा पिऊन ये."

मौनीने वाकून पाहिलं. सामानाची जागा रिकामी होती. पण तिच्यामागच्या पत्र्याचे स्क्रू नुकतेच फिरवल्यासारखे चकाकत होते. त्याने फोन लावला.

"भावोजी, मागे काही ठेवलंय का?"

"हवा ठेवलीय. जड होतेय का?" भावोजी हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघ पायलटसाहेब, वाटेत कुठे उतरू नकोस. सरळ इकडे ये. मी गाडी घेऊन उभा आहे."

स्क्रू-ड्रायव्हर मागावा असं मौनीच्या मनात आलं. पण परक्या माणसासमोर बहिणीच्या नवऱ्यावर संशय कसा दाखवायचा? तो तसाच निघाला.

चाकांनी जमीन सोडली आणि नाक नको तितकं वर उठलं. सीटजवळ तोल सावरायचं एक छोटं चाक असतं, ते त्याला चांगलं चार बोटं पुढे फिरवावं लागलं. म्हणजे शेपटीत वजन होतं. एखाद्या माणसाएवढं. काय भरलं असेल भावोजींनी? सापडलं तर लायसन्स आपलं जाईल आणि संसार ताईचा बुडेल.

अर्ध्या वाटेवर मोठ्या विमानतळाचं आकाश लागतं. तिथे कंट्रोलला विचारल्याशिवाय पंखही हलवायचा नाही. ते सांगतील तीच उंची, तीच दिशा, आणि सांगितलेलं परत म्हणून दाखवायचं.

"अडीच हजार फूट," कंट्रोलची बाई म्हणाली. "वर नाही, खाली नाही. तुमच्या डोक्यावरून मोठी विमानं उतरतायत."

"अडीच हजार फूट," मौनी म्हणाला.

तेवढ्यात नाक खाली गेलं. त्याने चाक मागे फिरवलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. वजन पुढे येत होतं. सामान सुटून घसरलं असेल, त्याने मनाला समजावलं. पण घसरतं ते एकदम. हे येत होतं... थांबत थांबत, आधार शोधत. केबिनमध्ये ओल्या लोकरीचा वास पसरला, कित्येक वर्षांनी पेटी उघडावी तसा. मग मागच्या उजव्या सीटची स्प्रिंग कुरकुरली आणि उजवा पंख हळूच झुकला.

तो सावरताना हात जास्तच गेला.

"उंची सांभाळा! तुम्ही दोन हजार सातशेवर आहात. वर विमान आहे!"

एक मोठी सावली काचेवरून सरकून गेली. वळून पाहायचं तर काट्यांवरची नजर काढावी लागणार होती. स्प्रिंग पुन्हा कुरकुरली. आता डावीकडची, बरोबर त्याच्या पाठीमागची.

"तुम्हाला बरं वाटतंय ना?" बाईने विचारलं. तिच्याही आवाजात आता संशय होता. "बरोबर कुणी आहे का?"

"नाही... एकटाच."

त्याने रेडिओचं बटण सोडलं आणि समोर बघतच, अगदी हळू म्हणाला, "जे कोण असाल... पाच मिनिटं हलू नका. हात जोडतो."

विमान स्थिर झालं. काटा अडीच हजारांवर जो बसला, तो तसूभरही हलला नाही.

"हां, आता छान," बाई म्हणाली.

मौनीने तरी मागे वळून पाहिलं नाही. सामान कधी कुणाचं ऐकत नाही.

उतरल्यावर त्याने आधी स्क्रू-ड्रायव्हर मागितला आणि भावोजींसमोरच पत्रा उघडला. आत काही नव्हतं.

"अरे, उंदरांचं घरटं होतं!" भावोजी लाल झाले. "गिऱ्हाइकाने पाहिलं असतं तर भाव पाडला असता, म्हणून काढलं. तू काय मला चोर समजलास? सांगू तुझ्या ताईला?"

"नको. पण... वाटेत उतरू नकोस का म्हणालात?"

"तुझं उतरणं बघितलंय मी! दोनदा कशाला जिवाला घोर?"

मौनी ओशाळून गाडीत पुढे बसला. भावोजींनी गाडी सुरू केली, तशी ती टिंग टिंग करायला लागली. समोर लाल दिवा लागला होता: मागच्या सीटवर पट्टा लावलेला नाही.

"महिन्याभराची गाडी आणि ही थेरं," भावोजी पुटपुटले. उतरून त्यांनी मागचं दार उघडलं, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटकन अडकवला. आवाज बंद झाला. ते पुन्हा येऊन बसले. "चल. सुटलो."

या वेळी मौनीने मागे वळून पाहिलं.

पट्टा सीटच्या पाठीला टेकायला हवा होता. तो टेकला नव्हता. वीतभर पुढे, गोलाई धरून ताणलेला होता, आणि अगदी सावकाश, एका लयीत, पुढे-मागे होत होता.