ठकूबाईची पसंती

"एक किलो नऊशे!"

काट्यावरचे लाल आकडे दामिनीनं दोनदा वाचून पाहिले. गेल्या महिन्यात ठकूबाई चांगली तीन किलोची होती. सोळा वर्षांची म्हातारी मांजर, एक डोळा धुरकट, मागचा पाय जरा ओढत चालणारी. एका महिन्यात किलोभर वजन गेलं म्हणजे आता उरलं काय?

"म्हातारी झाली मॅडम ते," दवाखान्यातला मदतनीस कागदावर आकडा लिहीत म्हणाला. "किती दिवस ओढता तिले? नवीन पाळा एखादी."

"दादा, मी वजन कराले आणलं तिले. तुमचा सल्ला इचारला का?"

अमरावतीत स्वतःचं शिलाईचं दुकान चालवणारी, तिशी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई असं तोडून बोलली की समोरचा गप्प होतो, हा दामिनीचा जुना अनुभव होता. मदतनीस गप्प झालाही. पण तिनं ठकूबाईला पोटाशी ओढून घेतलं.

"अन् तो आकडा लिहू नका," टेबलाखालून कोणीतरी बोललं.

दामिनी दचकून मागे सरली. टेबलाखालून आधी एक स्क्रूड्रायव्हर आला, मग ग्रीसनं काळा झालेला हात, आणि मग हसरा, धुळीनं माखलेला एक चेहरा.

"काटा सकाळपासून खोटं बोलून राहिला. म्हणून तर मले अकोल्याहून बोलावलं."

त्यानं काटा उलटा केला, आतली ओल पुसली, तारा जोडल्या, पिशवीतली पोलादी वजनं एकेक ठेवून पाहिली. पाच-सात मिनिटं तो त्या काट्याशिवाय कोणाकडेही बघत नव्हता. दामिनी मात्र त्याच्याकडे बघत होती… बघण्यासारखं दुसरं काही तिथं नव्हतं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"बसवा आता बाईसाहेबांना."

दोन किलो नऊशे साठ.

"तुमची मांजर ठणठणीत आहे. बिमार काटा होता."

दामिनी हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

"रडा, पण जरा बाजूले होऊन. काट्यात पाणी गेलं तर मले पुन्हा अकोल्याहून यावं लागन." मग स्क्रूड्रायव्हर पुसत, मान खाली घालून — "तसं… यायले माझी काही ना नाही."

तेवढ्यात त्याची हत्यारांची पिशवी ओरडली. आतून एक बोटभर लांबीच्या मिशांचं, पांढऱ्या अंगावर करडे ठिपके असलेलं पिल्लू डोकं बाहेर काढून जगाची पाहणी करू लागलं. कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाटा दुरुस्त करताना ते त्याला रुईच्या ढिगात सापडलं होतं. कापसातल्या बियांसारखे ठिपके पाहून त्यानं नाव ठेवलं सरकी. तिला घरी सोडून निघवत नाही, म्हणून ती त्याच्याबरोबर गावोगावचे काटे दुरुस्त करत फिरत होती.

त्याचं नाव धम्मदीप. वऱ्हाडात एवढं नाव ऐकलं की माणूस पुढचं काही विचारत नाही, त्याला जे कळायचं ते कळतं. दामिनी दर्यापूरच्या कुणब्याची पोरगी, तिलाही कळलं. दवाखान्यासमोरच्या टपरीवर तिनं त्याला फक्त एवढंच विचारलं, "साखर कमी की जास्त?"

*

त्यानंतर अमरावतीतले काटे फारच बिघडू लागले. निदान धम्मदीप तसं म्हणायचा. दर रविवारी अकोल्याहून बस पकडून तो यायचा आणि दामिनीच्या दुकानात शिलाई मशीनजवळच्या स्टुलावर बसून तिला मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातल्या गल्ल्यांच्या गोष्टी सांगायचा. सहाव्या रविवारी त्यानं लग्नाचं विचारलं. विचारलं कसलं, चाचरत चाचरत अर्धं वाक्य बोलला आणि उरलेलं अर्धं चहाबरोबर गिळून टाकलं.

"माझी एक अट आहे," दामिनी म्हणाली.

आजवर तिला चार जण पाहून गेले होते. चौथ्याच्या आईनं पोह्यांची ताटली खाली ठेवून सांगितलं होतं, "पोरगी पसंत आहे, मांजर तेवढी सोडून द्या." दामिनीनं तिथंच उठून दार उघडलं होतं. दर्यापूर सोडताना ती जीपमध्ये दोनच गोष्टी घेऊन बसली होती, एक शिलाई मशीन आणि मांडीवर ठकूबाई. ज्या दिवसांत घरचं कोणी फोनही करत नव्हतं, त्या दिवसांत हीच म्हातारी तिच्या पायाशी झोपायची.

"तिचे आता थोडे दिवस राह्यले. ते तिच्या घरात, तिच्या मनासारखे गेले पाहिजेत. सरकीले पाहून तिनं खाणं सोडलं, तर…"

"तर?"

"तर तुमी सरकीले घेऊन अकोल्याले, अन् मी इथं."

"सरकीले मी सोडू शकत नाही दामिनी."

"मी सोडा म्हटलंच नाही." ती त्याच्याकडे रोखून पाहत म्हणाली. "म्हणून तर भेव वाटते."

मग दोघांनी मांजरांची सोयरीक जुळवायला घेतली. दामिनीनं चिंध्यांतून सुती कापडाचे दोन तुकडे फाडले. एक ठकूबाईच्या अंगाखाली, एक सरकीच्या. दर रविवारी तुकडे बदलायचे. एकमेकींचं तोंड पाहायच्या आधी वास ओळखीचा झाला पाहिजे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पहिल्या रविवारी ठकूबाई सरकीच्या कापडावर फिसकारली. दुसऱ्या रविवारी पाठ फिरवून बसली. चौथ्या रविवारी त्यावर पाय ठेवला, आणि पाचव्याला चक्क त्यावरच पसरून घोरू लागली.

"पाहिलं? पोरगी पसंत पडली," धम्मदीप म्हणाला. "कापडं मांजराईचेच बदलाचे का पण? माह्या रुमालाले कोणी इचारून नाही राहिलं."

"तुमच्या रुमालाले ग्रीसचा वास येते."

"म्हणजे वास घेतला तुमी!"

दामिनी लाजली आणि कात्री उचलून उगाचच कापड कापू लागली. बाहीचं माप चुकलं, ते वेगळंच.

*

पुढच्या रविवारी सरकीला आणायचं ठरलं, आणि शुक्रवारी दर्यापूरहून फोन आला. महादेवराव, दामिनीचे वडील.

"आयकलं ते खरं आहे का?"

"खरं आहे बाबा."

"रविवारी येऊन राहिलो मी. पाहतो त्या पोट्ट्याले."

दुसरी कोणी असती तर तिनं धम्मदीपला त्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितलं असतं. दामिनीनं फक्त एक जास्तीची खुर्ची पुसून ठेवली.

रविवारी परतीचा पाऊस पडत होता. महादेवराव दुकानात खुर्चीवर ताठ बसले होते. टोपी मांडीवर, पाण्याचा पेला तसाच. धम्मदीप आला तेव्हा पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री, ओले केस, हातात टोपली. वाकून नमस्कार केला. महादेवरावांनी मान हलवली की पाऊस पाहिला, ते कळलं नाही.

दामिनीनं रस्त्याकडचं दार लावलं, टोपली खाली ठेवली, झाकण काढलं. सरकी बाहेर आली. गादीवरून ठकूबाईनं मान उचलली, चार पावलं पुढे आली, नाक पुढे केलं… आणि तिचं सगळं अंग फुगलं. असं फिसकारणं दामिनीनं सोळा वर्षांत ऐकलं नव्हतं. म्हातारीनं पंजा उगारून सरकीच्या नाकावर फटका मारला आणि दुखऱ्या पायानं फरफटत कपाटामागे जाऊन बसली. सरकी केविलवाणी ओरडू लागली. दामिनीनं कोंबडीचं मऊ उकडलेलं मांस कपाटापाशी नेलं, ठकूबाईनं तोंड फिरवलं.

"पाहा," महादेवराव पहिल्यांदा बोलले. "जनावराले बी समजते. आपलं कोण, परकं कोण."

 धम्मदीपनं खाली वाकून सरकीला उचललं. त्याचे कान लाल झाले होते.

"मी… निघतो दामिनी. अटच तशी होती आपली."

 पाच आठवडे! कापडावर घोरत पडलेली म्हातारी आज अशी का वागली? दामिनी पुढे झाली, त्याच्या हातातल्या सरकीच्या मानेत तिनं नाक खुपसलं आणि थबकली. चंदनाचा साबण. नुसता साबणाचा घमघमाट.

"हिले आंघोळ घातली?"

"हाओ…"

"काहून?"

धम्मदीपनं एकदा महादेवरावांकडे पाहिलं. मग खाली पाहत बोलला, "आईनं घातली. ते म्हणे, त्यायच्या घरी चालले तर बोट ठेवाले जागा नको. मी लहान असतानी दोस्ताच्या घरी जायचं असलं, की आई मले दोनदा आंघोळ घालायची. साबण लावून लावून घासायची. तशीच काल सरकीले बी घातली… अन् आज मी पण दोनदा करून आलो."

 तेहेतीस वर्षांचा माणूस, गावोगावच्या जिनिंगवाल्यांचे खोटे काटे एका नजरेत ओळखणारा, दामिनीच्या दारात यायचं म्हणून दोनदा आंघोळ करून आला होता. तिला रडू आलं नाही, तिला राग आला. असा राग, की तिनं रस्त्याकडचं दार उघडलं, रस्त्यावरून कोणी ऐकलं तरी ऐकू दे म्हणून.

"बाबा, जनावराले समजते म्हणाले नं तुमी? काय समजते मी सांगतो. तिले वास समजते. पाच हप्ते ती ज्या पोरीच्या वासावर झोपली, ते पोरगी यायनं साबणानं धुवून काढली. कोणासाठी? तुमच्यासाठी! ठकूबाईले साबण परका आहे, सरकी नाही. तुमच्यापेक्षा माही मांजर बरी, ते निदान वास तरी घेऊन पाहते. तुमी तर नाव आयकलं अन् तिथंच थांबले."

"दामिनी! बापाशी बोलून राहिली तू."

"बापाशीच बोलून राहिली. परक्याशी कायले बोलू?"

महादेवरावांनी टोपी डोक्यावर चढवली. 

"मी लग्नाले येणार नाही."

"नका येऊ. पत्रिका मात्र पाठवीन. दारावर लावा नाहीतर चुलीत घाला."

ते पावसातच निघाले. कोपऱ्यावर थांबून त्यांनी एकदा वळून पाहिलं, पण परत आले नाहीत. दामिनी दारात उभीच होती. तिच्या मनाला लागलं, खोटं कशाला सांगायचं? बाप होता तो. पण दार तिनं उघडंच ठेवलं.

मागून धम्मदीप हळूच म्हणाला, "तुमी उगाच माह्यासाठी…"

"आता हे तुमी-आमी बंद कर," ती वळून म्हणाली. "अन् सरकीले इथं ठेव. पलीकडच्या खोलीत. साबण जाईल तिच्या अंगावरचा, कितीक दिवस राहते?"

"अन् ठकूबाईनं खाल्लंच नाही तर?"

 दामिनीनं त्याच्या बाहीचं सुटलेलं बटण लावलं आणि त्याला बसकडे पाठवून दिलं.

*

पहिला दिवस ठकूबाईनं पाण्यालाही तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी दामिनीनं दुकान बंद ठेवलं. म्हातारीला मांडीवर घेऊन बोटानं थेंब थेंब रस्सा चाटवला. डॉक्टरांनी बजावलं, एवढ्या वयात उपास झेपायचा नाही, आणखी एक दिवस पाहा. त्या दिवशी दामिनीचा सगळा ताठा गळून पडला. एकीसाठी एकाला सोडायचं, की एकासाठी एकीला? ठकूबाईच्या कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "बाई वं, सगळ्या गावाशी भांडतो मी, पण तुह्याशी कशी भांडू?" अकोल्याहून फोन येत होते. ती फक्त "अजून नाही" एवढंच सांगायची आणि पलीकडून तो "बरं" म्हणायचा. सरकीला परत ने, असं सांगायला तिनं दोनदा फोन उचलला आणि दोनदा खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी ठकूबाईनं दोन घास खाल्ले. पाचव्या दिवशी पलीकडच्या दाराच्या फटीशी नाक लावून बसली. तोवर सरकी इस्त्रीच्या कोळशाच्या पोत्यावर लोळून, स्वतःला हजारदा चाटून साबणाचं नाव पुसून बसली होती. नवव्या दिवशी दुपारी, अंगणात लख्ख ऊन असताना, दामिनीनं दार उघडलं आणि दोन ताटल्या हातभर अंतरावर ठेवल्या.

सरकी पुढे आली. ठकूबाईनं तिच्या मानेचा वास घेतला, मग पाठीचा, मग पुन्हा मानेचा. दामिनीनं श्वास धरून ठेवला होता. म्हातारीनं सरकीच्या डोक्यावर एक टपली दिली, नखं न काढता, घरातल्या मोठ्या बाईनं द्यावी तशी. मग सावकाश खाली बसून स्वतःची ताटली संपवली आणि उठून सरकीच्या ताटलीतही तोंड घातलं. सरकीनं मुकाट्यानं जागा करून दिली.

दामिनीनं फोन लावला. पलीकडे जिनिंगची यंत्रं धडधडत होती.

"ठकूबाई जेवली," ती ओरडून म्हणाली.

"किती?"

"सगळं. सरकीचं बी खाल्लं!"

यंत्रांचा आवाज मागे पडला, तो फोन घेऊन बाहेर आला होता.

"मग…?" धम्मदीपनं विचारलं.

"मग काय… ये."

"आत्ता? अवं, सकाळपासून काट्याखाली पडून आहो. अंगभर ग्रीस आहे, डोक्यात रुई, घामानं शर्ट चिकटला. घरी जातो, आंघोळ करतो, अन् संध्याकाळच्या गाडीनं…"

"धम्मदीप."

"हं?"

"तसाच ये."